फेअरिंग कशावर बसवायची? टूरिंग मोटरसायकल आणि मावळातला वारा

मोटरसायकलच्या फेअरिंगवर बोलायला कामशेत ही जागा अगदी योग्य आहे, आणि त्याची दोन कारणं आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे मुंबईहून पुण्याकडे निघालेला जवळजवळ प्रत्येक टूरिंगवाला खंडाळ्याचा घाट चढून, लोणावळा, कार्ला करत जुन्या महामार्गानं इथूनच पुढे जातो. दुसरं कारण म्हणजे वारा. कामशेतच्या आसपासच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंग चालतं ते याच वाऱ्याच्या जोरावर. वर उडणाऱ्यांना जो वारा हवाहवासा वाटतो, तोच खाली रस्त्यावर आपल्याला आडवा येतो.

लांब पल्ल्याला निघायचं ठरलं की बहुतेक जण तीन गोष्टी विकत घेतात: मागच्या बॅगा, जास्तीचा लाइट आणि पुढची फेअरिंग. बॅगा कशाला बांधल्या याचा विचार सगळे करतात. फेअरिंगच्या बाबतीत मात्र रंग जुळतोय का, काच केवढी आहे, एवढंच पाहिलं जातं. आम्हाला आज जे सांगायचं आहे ते एका प्रश्नाभोवती आहे. फेअरिंग गाडीच्या कोणत्या भागाला बांधली आहे? हँडलला, की चेसीला? बाकीचं सगळं, अगदी काचेची उंचीसुद्धा, नंतर सुधारता येतं. हे एक चुकलं तर फेअरिंग नसलेली गाडी बरी.

आधी फेअरिंग करते काय ते बघू. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे शाळेत शिकलेलं असतं, पण ते किलोत मोजलं की पटतं. सरळ बसलेला चालक आणि उघडी गाडी, लोणावळा-कामशेतच्या उंचीवरची हवा, असा ढोबळ हिशेब केला तर ताशी ५० किलोमीटरला हवा गाडी आणि चालक मिळून साधारण ६ किलो वजनाएवढ्या जोरानं मागे ढकलते. ८० ला हा जोर १५ किलोच्या आसपास जातो आणि १०० ला २४ च्या. यातला मोठा वाटा तुमच्या छातीवर आणि हेल्मेटवर पडतो. म्हणजे तुम्ही हँडलला धरून बसलेले नसता, हँडलला लटकलेले असता. चार तासांनी मनगटं, खांदे, मान भरून येतात ती गाडीच्या थरथरीमुळे जेवढी, तेवढीच या ओढीमुळे. फेअरिंग ही हवा छातीवरून बाजूला सारते. थकवा कमी होतो, आणि थकलेला माणूस ब्रेक उशिरा मारतो, म्हणून हा निव्वळ चैनीचा प्रश्न नाही.

पण हवा बाजूला सारायची म्हणजे तो जोर फेअरिंगनं स्वतःवर घ्यायचा. आणि घेतलेला जोर ती कुठेतरी पोचवणारच. कुठे, ते ठरतं पट्ट्यांवरून, म्हणजे ब्रॅकेटवरून.

उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं घेऊ. बजाजची पल्सर १५० आठवा. हेडलाइटभोवतीचा छोटा डूम हँडलबरोबर वळतो. आता पल्सर २२०, जी २००७ मध्ये आली, ती बघा. तिची अर्धी फेअरिंग आणि हेडलाइट चेसीला बांधलेले आहेत. हँडल वळवलं तरी ते जागचे हलत नाहीत. एकाच कंपनीनं, एकाच नावाच्या गाड्यांत दोन पद्धती वापरल्या, कारण छोट्या डूमवर हवेचा जोर थोडा आणि मोठ्या फेअरिंगवर जास्त. रॉयल एनफील्डच्या हिमालयनमध्येही, २०१६ च्या मूळ मॉडेलमध्ये, पुढची काच आणि हेडलाइट चेसीवर स्थिर होते. तिच्यावरूनच काढलेल्या स्क्रॅम ४११ मध्ये काच गेली, आणि हेडलाइट पुन्हा हँडलबरोबर वळू लागला. कारखान्यातले लोक हा नियम न बोलता पाळतात: छोटं असेल तर हँडलवर चालेल, मोठं असेल तर चेसीवर.

परदेशातही हीच वाट चालून झालेली आहे. बीएमडब्ल्यूच्या आर९०एस या १९७३ च्या गाडीची छोटी फेअरिंग पुढच्या फोर्कच्या बाजूनं बांधलेली होती. १९७६ ला आर१००आरएस आली, तिची पूर्ण फेअरिंग इटलीतल्या पिनिनफरिनाच्या वाऱ्याच्या बोगद्यात घडवली गेली आणि ती चेसीवर आली. अमेरिकेत क्रेग व्हेटर या माणसानं १९७० च्या दशकात विंडजॅमर नावाची फेअरिंग विकली. होंडाची गोल्ड विंग १९७५ ला उघडीच आली होती. लोक तिला विंडजॅमर लावून देशभर फिरायचे. होंडानं कारखान्यातून फेअरिंगसह गोल्ड विंग दिली ती १९८० मध्ये. व्हेटरच्या फेअरिंगची आम्हाला आवडलेली गोष्ट अशी की, फेअरिंग एकच, पण तिच्याबरोबरचे ब्रॅकेट गाडीप्रमाणे वेगळे, आणि ते चेसीला पकडणारे. आज बाजारात "सगळ्या गाड्यांना बसते" म्हणून जी फेअरिंग मिळते, तिचे ब्रॅकेट बहुतेक वेळा हेडलाइटच्या कानांना किंवा हँडलच्या दांड्याला पकडणारे असतात. कारण तेवढीच एक जागा सगळ्या गाड्यांत सारखी असते. सोय विकणाऱ्याची झाली, वारा मात्र तुमच्या हातात आला.

आता आडवा वारा. तुम्ही ८० नं चालला आहात आणि डावीकडून ३० चा झोत आला, तर गाडीला लागणारा एकत्रित वारा समोरून येत नाही, साधारण २० अंश डावीकडून येतो. गाडीच्या दृष्टीनं हवेची दिशाच बदलली. फेअरिंगचा पृष्ठभाग हँडलच्या फिरण्याच्या अक्षाच्या पुढे असेल आणि ती हँडललाच बांधलेली असेल, तर हा झोत हँडलचं तोंड उजवीकडे ढकलतो. गंमत म्हणजे हँडल उजवीकडे गेलं की गाडी डावीकडे कलते, म्हणजे वाऱ्याच्या अंगावर रेलते. म्हणून काही जण छातीठोकपणे सांगतात की हँडलवरची फेअरिंग उलट मदतच करते. वारा एकसारखा असेल तोवर त्यात थोडं तथ्य आहे. पण जुन्या महामार्गावर वारा एकसारखा कधी असतो? कंटेनर ओलांडताना आधी त्याच्या आडोशात वारा एकदम बंद होतो, पुढे निघताच त्याच्या नाकापुढची हवा ढकलते, आणि मग मोकळा वारा परत लागतो. दोन-तीन सेकंदांत तीन वेगळे धक्के. प्रत्येक धक्का थेट हँडलवर. डोंगर कापून काढलेल्या पट्ट्यातून मोकळ्या शेतात आलात की तेच. चेसीवरची फेअरिंगही गाडीला ढकलते, नाही असं नाही, पण ती संपूर्ण गाडीच्या वजनाला ढकलते आणि हँडल तुमच्याकडे राहतं. हाच फरक आहे.

शर्यतीच्या जगानं याची किंमत फार आधी ओळखली. १९५० च्या दशकात पुढचं चाक पूर्ण झाकणाऱ्या, पिंपासारख्या फेअरिंग वापरात होत्या. वेग भन्नाट मिळायचा. मोटो गुझीनं तर मांडेल्लो देल लारिओ इथं मोटरसायकलसाठी स्वतःचा वाऱ्याचा बोगदाच बांधला होता. पण पुढे एवढा मोठा पडदा आणि आडवा वारा हे जमेना. १९५७ च्या हंगामानंतर जागतिक शर्यतींत पुढचं चाक झाकण्यावर बंदी आली. आजही शर्यतीच्या गाडीचं पुढचं चाक उघडं दिसतं ते त्यामुळे.

हँडलवरच्या वजनाचा प्रश्न वेगळाच. दोन किलोची काच आणि पट्ट्या हँडलच्या अक्षापासून १५ सेंटीमीटरवर असणं आणि ३० सेंटीमीटरवर असणं यात वजन तेच, पण फिरण्याला होणारा विरोध चौपट. कारण इथं अंतराचा वर्ग लागतो. याचा परिणाम गाडी डुलण्यावर होतो. डुलणं दोन तऱ्हांचं. एक म्हणजे हँडलची जलद थरथर, सेकंदाला ६ ते १० वेळा, हँडल हातातून सुटेल असं वाटायला लावणारी. दुसरं म्हणजे सगळी गाडी सापासारखी हळू वळवळणं, सेकंदाला दोन-तीन वेळा, आणि हे जास्त वेगाला येतं. मागे बॅगांचं वजन, पुढे हँडलवर फेअरिंग, आणि कोनसेट थोडा ढिला, हे तिन्ही एकत्र आलं की दुसऱ्या प्रकाराला आमंत्रणच. आणि टूरवरची गाडी नेमकी अशीच भरलेली असते. रिकाम्या गाडीवर फेअरिंग लावून तळेगावपर्यंत फेरी मारली, सगळं छान वाटलं, आणि पुढच्या आठवड्यात २० किलो सामान घेऊन निघालात, तर ती फेरी कशाचीच परीक्षा नव्हती.

गाडी डुलू लागलीच तर? पुढचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा आणि हात मात्र सैल ठेवा. जोरात आवळलेले हात डुलणं वाढवतात. मग बाजूला थांबून सामान पुढे सरकवा, टायरची हवा बघा आणि वेग कमी ठेवून घरी या. त्या दिवशी फेअरिंग काढून बॅगेला बांधली तरी चालेल.

आता बसवण्याकडे येऊ. काम सुरू करण्यापूर्वी कोनसेट तपासायचा. पुढचं चाक उचलून धरा, शॉकप खालून धरून पुढे-मागे हलवा. खटका जाणवला तर आधी तो घट्ट करून घ्या. दुसरं, हेडलाइटची खूण. गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून पाच मीटरवर, चालक बसलेला, आणि लो बीमची वरची कड खडूनं भिंतीवर आखून ठेवा. फेअरिंग बसल्यावर त्याच जागी, तोच माणूस बसवून झोत त्या रेघेवर आणायचा. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण रात्री समोरून येणाऱ्यांची शिवी वाचते. फेअरिंगसोबत हेडलाइटही चेसीवर गेला असेल तर एक सवय बदलावी लागते: वळणावर झोत आता हँडलमागे येणार नाही. खंडाळ्याच्या तीव्र वळणांवर पहिल्या दिवशी हे चांगलंच जाणवतं. अंधार पडण्याआधी उतरा.

ब्रॅकेट चेसीला पकडताना वेल्डिंग करू देऊ नका. कितीही हात बसलेला वेल्डर असला तरी नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं नळीचा तो भाग पहिल्यासारखा राहत नाही, आणि तडा जातो तो जोडाच्या शेजारी, रंगाखाली, न दिसता. बहुतेक गाड्यांच्या डोक्याच्या नळीपाशी कारखान्याची भोकं किंवा बोल्ट असतात, ते वापरणारा ब्रॅकेट शोधा. नसेल तर आतून रबर लावलेले क्लॅम्प. पकड कमीत कमी तीन ठिकाणी हवी आणि ती एका रेषेत नको. दोनच ठिकाणी पकडलेली फेअरिंग बिजागरीच्या दारासारखी हलत राहते.

सगळे बोल्ट आधी सैल लावा. शेवटचा बोल्ट भोकात गेल्याशिवाय पहिला आवळायचा नाही. फायबर जबरदस्तीनं ओढून भोकं जुळवली की त्यात कायमचा ताण बसतो, आणि एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर त्या ताणाला महिन्याभरात तडा बनवते. भोक बोल्टपेक्षा थोडं मोठं, मध्ये रबर बुश, बाहेरून रुंद वायसर. आवळायचं ते रबर जरा दबेपर्यंतच. बोल्ट सुटू नये म्हणून लावायचा जो चिकट द्रव मिळतो, तो फायबरजवळ आणूच नका. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या प्लास्टिकना तो आतून तडकवतो. इथं नायलॉनचा नट बरा. ब्रेक ऑइल आणि पेट्रोलही काचेपासून लांब.

मग हँडल. डावीकडे शेवटपर्यंत, उजवीकडे शेवटपर्यंत. बोटं, क्लचचा दांडा, ब्रेकची नळी कुठेही फेअरिंगला लागता कामा नये. निदान एक बोट आत जाईल एवढी फट हवी. हे गाडी बंद असताना. आता गाडी सुरू करून, न्यूट्रलमध्ये, परत दोन्हीकडे वळवा. वळवताना इंजिनाचा आवाज वाढला तर समजा ॲक्सिलरेटरची केबल ओढली जातेय. अशी गाडी यू-टर्नमध्ये आपोआप पुढे उडी घेते. हे तपासून न बघता गॅरेजमधून बाहेर पडू नका, मेकॅनिक "झालं, न्या आता" म्हणाला तरी. त्यानंतर दोघांनी मिळून पुढचा शॉकप जमेल तितका दाबायचा, किंवा सामान आवळायच्या पट्ट्यांनी तो खाली ओढायचा, आणि मडगार्ड फेअरिंगच्या खालच्या कडेला लागतं का ते बघायचं. उभ्या गाडीत चार बोटं दिसणारी जागा जोरात ब्रेक मारल्यावर उरत नाही.

हॉर्न फेअरिंगच्या मागे गेला असेल तर आवाज दबतो. त्याची जागा बदला. पुढची नंबर प्लेट झाकली जात असेल तर तीही.

काच किती उंच? लोकांना वाटतं जितकी उंच तितकी चांगली. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली हवा गुळगुळीत नसते, तिच्यात भोवरे असतात. हे भोवरे हेल्मेटवर आदळले की डोकं बदडल्यासारखं होतं, आणि फेअरिंग नसतानाच्या वाऱ्यापेक्षा ते जास्त त्रासदायक असतं. कड साधारण हनुवटी ते नाकाच्या पातळीत ठेवा, म्हणजे रस्ता काचेवरून दिसेल, काचेतून नाही. मावळात याला आणखी एक कारण आहे. जून ते सप्टेंबर इथं जो पाऊस पडतो त्यात काचेतून बघायचं म्हटलं तर काहीच दिसणार नाही. तिला वायपर नसतो, आतून धुकंही धरतं. भोवरे कुठे आहेत हे बघायचा सोपा उपाय म्हणजे लोकरीचे बोटभर तुकडे. काचेच्या कडेला आणि हेल्मेटच्या कपाळावर चिकटपट्टीनं लावा आणि मागच्या सीटवरून कुणाला तरी बघायला सांगा. तुकडे सरळ मागे पडले तर हवा सरळ, गोल फिरले तर भोवरा. हेल्मेट बदडत असेल तर काच उंच करण्याआधी काचेच्या खालून थोडी हवा आत येऊ द्या. काच आणि डूम यांत दोन बोटांची फट ठेवली की काचेमागची पोकळी भरते आणि बहुतेक वेळा त्रास निम्मा होतो.

खालपर्यंत येणारी फेअरिंग घेणार असाल तर इंजिनाचा विचार करा. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनापुढे फायबर उभं केलं की चालत्या गाडीत फार कळत नाही, पण शनिवार-रविवारच्या लोणावळ्याच्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये रांगताना कळतं. गरम हवा बाहेर जायला बाजूला खिडक्या हव्यातच. ऑइल कूलर असेल तर तो झाकला जाणार नाही हे बघा.

कायद्याबद्दल बरेच जण दबक्या आवाजात विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीतले तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात भर पडली, आणि परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. कायद्यात "बदल" याचा अर्थ गाडीच्या रचनेतला असा फरक की जिच्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. पाना लावून काढता येणारी काच आणि चेसी कापून बसवलेली फेअरिंग यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. उत्पादकाच्या स्वतःच्या ॲक्सेसरीच्या यादीत तुमच्या मॉडेलसाठी काच किंवा फेअरिंग असेल तर आधी तीच बघा. बजाजनं २०२१ मध्ये डोमिनार ४०० कारखान्यातूनच उंच काच, हँडगार्ड आणि कॅरिअरसह द्यायला सुरुवात केली, तसे पर्याय आता वाढले आहेत. बाहेरचीच घेणार असाल तर आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर पहिल्यांदा पुढूनच फोटो काढतो.

बसवून झाल्यावरची फेरी टूरचं सामान लादूनच करायची. इथून लोणावळ्याला जाऊन परत येण्याएवढं अंतर पुरे. आधी ५०, मग ६०, मग ७०. प्रत्येक टप्प्यावर कंटेनरच्या मागे आणि मग बाजूला गाडी कशी वागते ते बघा. दुपारी वारा वाढतो, म्हणून सकाळी एक फेरी आणि दुपारी एक. परत आल्यावर प्रत्येक बोल्टवर पाना फिरवा, ५०० किलोमीटरनंतर पुन्हा.

शेवटी एक प्रश्न आला होता: दुसऱ्या गाडीची जुनी फेअरिंग स्वस्तात मिळाली तर घ्यावी का? फायबर घ्यायला हरकत नाही. आतल्या बाजूला भोकांभोवती पांढुरक्या रेषा आहेत का तेवढं उजेडात धरून बघा, असतील तर सोडून द्या. बारीक तडा असेल तर त्याच्या टोकाला छोटं गोल भोक पाडून आतून फायबरची पट्टी लावता येते. पण ब्रॅकेट जुन्या गाडीचा वापरू नका. तो तुमच्या चेसीच्या मापानं करून घ्या, आणि तेवढे पैसे आधी बाजूला काढून मग फेअरिंगचा भाव करा.